इनपुट लेव्हल: घरच्या घरी श्राव्य पुस्तक मुद्रित करतानाच्या नोंदी

१० जानेवारी

ताईने मुलांसाठी एक छोटी कादंबरी लिहिली आहे. ती तिच्याच आवाजात, घरीच मुद्रित करायची असं ठरलं. वाचणार ताई, माईक, इंटरफेस आणि लॅपटॉप माझ्याकडे. गोष्टीत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आहे, त्याचे संवाद भाचा म्हणणार. साहित्य घरात होतं तेच: दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), मोठ्या डायफ्रॅमचा म्हणजे आतल्या पडद्याचा एक कंडेन्सर माईक, एक एसएम५८ (गाणाऱ्यांचा हातात धरायचा माईक), कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर. नवीन काही विकत घ्यायचं नाही.

या नोंदींत फक्त इनपुट लेव्हलबद्दल, म्हणजे माईकमधून आत येणाऱ्या आवाजाच्या पातळीबद्दल लिहितो आहे. घरच्या मुद्रणाचं काम बहुतेकदा इथेच अडतं, आणि त्यावर मिळणारा सल्ला ‘मीटर पिवळ्यात ठेवा’ एवढ्यावर संपतो.

आधी पोचायचं कुठे आहे ते पाहिलं. श्राव्य पुस्तकं ऑडिबलपर्यंत पोचवणाऱ्या एसीएक्स या व्यासपीठाची मागणी स्पष्ट आहे: प्रत्येक प्रकरणाची आरएमएस म्हणजे सरासरी पातळी -२३ ते -१८ डीबीच्या मध्ये, पीक म्हणजे क्षणभराचं सर्वात उंच शिखर -३ डीबीच्या वर नाही, आणि कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज उरतो तो -६० डीबीच्या खाली. (डीबी म्हणजे डेसिबल. डिजिटल मुद्रणात शून्य हे छत, म्हणून सगळे आकडे उणे.) सुटे सुटे वाचले तर हे आकडे सोपे वाटतात. एकत्र वाचले की खरी अट कळते. वाचन -२३ वर आणि खोली -६० वर, म्हणजे दोन्हींत किमान ३७ डीबीचा फरक हवा. हा फरक मुद्रण करतानाच मिळवावा लागतो. नंतर सॉफ्टवेअरने ओढून आणला तर त्याची किंमत आवाज मोजतो.

पहिलं मोजमाप. माईक तोंडापासून ५० सेंटीमीटरवर. ताईचं साधं वाचन आरएमएस -३० डीबी, खोली -५८. फरक २८. ताई म्हणाली, “अरे, मग गेन वाढव ना.” गेन म्हणजे इंटरफेस माईकचा आवाज किती मोठा करतो ते प्रमाण. नॉबने वाढवून दाखवला. वाचन -२४ वर आलं आणि खोली -५२ वर. फरक २८ च. नॉब दोघांनाही सारखंच उचलतो. तेव्हा नॉब सध्या बाजूला, आधी हे ९ डीबी शोधायचे.

(मोजण्यासाठी ऑडॅसिटीतलं ‘कॉन्ट्रास्ट’ वापरतो आहे. अ‍ॅनालाइझ मेन्यूत आहे. वाचनाचा तुकडा आणि शांततेचा तुकडा निवडला की दोन्हींची पातळी आणि फरक एकाच ठिकाणी दिसतो. या कामाला याहून सोयीचं काही मिळालं नाही.)

१२ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस खोलीच्या मागे.

सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर शांतता मुद्रित केली, ती ३० डीबीने वाढवली आणि हेडफोन लावून ऐकली. प्रत्यक्ष खोलीत कानाला काहीच जाणवत नव्हतं. फाइलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट होत्या: लॅपटॉपचा पंखा, भिंतीपलीकडच्या फ्रिजची खालच्या पट्टीतली घरघर, आणि एक बारीक शिट्टी.

शिट्टीचं कारण शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तिची वारंवारता बरोबर १००० हर्ट्झ निघाली, आणि उलगडा तिथेच झाला. फुल स्पीड यूएसबीवर देवाणघेवाण दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा होते. वीजपुरवठा किंवा अर्थिंग स्वच्छ नसलं की ती लय अ‍ॅनलॉग भागात झिरपते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, शिट्टी गेली. चार्जर लावून दुसऱ्या पोर्टमध्ये पाहिलं तर कमी झाली, पण गेली नाही. तेव्हा मुद्रण बॅटरीवरच.

लॅपटॉपवर पांघरूण घालून पाहिलं. ते उलट अंगाशी आलं: पाच मिनिटांत तो तापला आणि पंखा आणखी जोरात फिरू लागला. मग लांब केबल काढून लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि माईकची पाठ त्याच्याकडे केली. कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळे जे टाळायचं आहे ते बरोबर त्याच्या मागे यायला हवं. आपण ताईची खुर्ची कुठे ठेवायची एवढंच ठरवतो आणि माईकची पाठ जिकडे जाईल तिकडे जाते. क्रम उलटा हवा. आधी गोंगाट कुठे आहे ते पाहायचं, माईकची पाठ तिकडे करायची, आणि खुर्ची त्यानंतर.

फ्रिज मुद्रणापुरता बंद. पुन्हा सुरू करायचा विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती चुकत नाही, कारण किल्लीशिवाय घराबाहेर पडताच येत नाही.

माईकवरचा लो-कटचा, म्हणजे खालचे स्वर कापणारा खटका ८० हर्ट्झवर टाकला. ताईच्या आवाजाचा मूळ स्वर याच्या बराच वर आहे, त्यामुळे वाचनातलं काही गेलं नाही. गेली ती रहदारीची आणि जमिनीतून येणारी घरघर.

वाचन -३० वर देणाऱ्या पहिल्या गेनवर खोली आता -६४. फरक ३४ झाला.

१३ जानेवारी

उरलेले तीन डीबी आणि थोडी सवड अंतरातून मिळवली. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबीने चढतो, खोलीचा गोंगाट मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण तो सगळीकडून येत असतो. ५० सेंटीमीटरवरून २० वर आलो तर हिशोबाने ८ डीबी. मोजल्यावर ७ मिळाले. गेन तेवढाच खाली घेतला. वाचन पुन्हा -३० वर, खोली -७१ वर. फरक ४१.

सेंटीमीटरच्या पट्टीऐवजी ताईने स्वतःची वीत धरली. अंगठा ओठांपाशी, करंगळी माईकपाशी. हाताशी नेहमी असणारं आणि प्रत्येक वेळी तेवढंच येणारं माप. तिची वीत १९ सेंटीमीटर भरते.

जवळ आल्याचा दुसरा फायदा आकड्यात दिसत नाही: खोलीचा घुमारा कमी झाला. तोटा असा की कार्डिऑइड माईकजवळ गेलं की खालचे स्वर फुगतात. एका वितीवर ते सोसण्याइतकं आहे. चार बोटांवर नाही.

१४ जानेवारी

जवळ आल्यावर नवा त्रास. साधं वाक्य वाचताना मीटर मधूनच उसळतो, कानाला मात्र तेवढं मोठं काही वाटत नाही. लहर मोठी करून पाहिली. प्रत्येक उसळी ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ यांच्या सुरुवातीला. ओठांतून सुटणारी हवा थेट डायफ्रॅमवर आदळते आणि संथ, रुंद टेकाडासारखी लहर उमटते. आपल्या भाषेत ‘भ’ ची कमतरता नाही, त्यामुळे हे टाळून वाचणं शक्यच नाही.

लेव्हलच्या दृष्टीने हा फार महागडा धक्का आहे. आवाज -१४ वर आणि धक्का -८ वर असेल तर आपण गेन धक्का बघून खाली घेतो आणि मूळ वाचन विनाकारण मागे पडतं.

चाचणीसाठी एक वाक्य केलं: “भल्या पहाटे फाटकापाशी भला मोठा पाचोळ्याचा ढीग पडला होता.” ताईने ते एवढ्या वेळा म्हटलं की भाच्याचंही पाठ झालं.

फक्त पॉप फिल्टर (तोंड आणि माईक यांच्या मधली जाळी) लावल्याने काम अर्धं झालं. तो माईकला चिकटून होता. माईकपासून चार बोटं पुढे आणल्यावर आणखी फरक पडला, कारण हवेला विरायला जागा मिळाली. तरी ‘भ’ उरलाच. शेवटी माईक तोंडासमोरून हलवून ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, साधारण ३० अंश बाजूला नेला. तोंडातली हवा सरळ निघून जाते, आवाज मात्र बाजूलाही तेवढाच पोचतो. आता ‘भ’ आणि शेजारचा ‘ल’ यांच्यात मीटरला फार तर दोनेक डीबीचा फरक दिसतो.

मोठ्या डायफ्रॅमचे बरेचसे कंडेन्सर माईक बाजूने ऐकतात, टोकाने नाही. बोलायचं ते ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह असतं त्या बाजूला. पातळी फार कमी येत असेल तर नॉब फिरवण्याआधी हे एकदा पाहून घ्यावं.

१७ जानेवारी

तिसरं प्रकरण पूर्ण वाया गेलं. का गेलं ते सविस्तर लिहितो, कारण ‘चाचणीत बरोबर होतं’ ही तक्रार प्रत्येकाकडून ऐकू येते.

सुरुवातीला ताईने प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला होता. पीक -१३ च्या आसपास. त्यावर गेन वाढवून वाचनाचे पीक -६ वर आणून ठेवले. प्रकरणाच्या मध्यावर आजीची आरोळी आहे: “थांब! पाय पुढे टाकू नकोस!” तिथे इंटरफेसचा लाल दिवा लागला आणि आवाज फाटला. नुसती आरोळीच नाही, तिच्या आगेमागेही अधूनमधून शिखरं कापली गेली. मोजून पाहिलं तेव्हा कळलं की गोष्टीत रमल्यावर ताईचं साधं कथनही चाचणीपेक्षा ३ ते ४ डीबीने वर गेलं होतं. आरोळी साध्या वाचनाच्या १० डीबी वर.

चाचणी देताना माणूस माईकशी बोलतो. खरं वाचताना तो ऐकणाऱ्याशी बोलतो. हा फरक वाचणाऱ्याने काबूत ठेवावा अशी अपेक्षा करू नये. वाचन जिवंत असेल तर तो पडणारच.

कापलेली शिखरं जुळवणारं ऑडॅसिटीतलं ‘क्लिप फिक्स’ चालवून पाहिलं. एकट्या-दुकट्या शिखरावर तो बरं काम करतो. आरोळीतला ‘थां’ दुरुस्त झाल्यावरही खरखरीत राहिला. फक्त ते वाक्य नव्याने वाचून जोडलं, तर कमी गेनवर वाचलेला तुकडा वेगळ्या खोलीत वाचल्यासारखा ऐकू आला. प्रकरण पुन्हा वाचायचं ठरवलं.

आता पद्धत अशी. वाचायला बसण्याआधी संहितेत सर्वात मोठ्या आवाजाच्या ओळींवर लाल खूण, कुजबुजीच्या ओळींवर निळी. सत्राच्या सुरुवातीला ताई त्या दिवशीची सर्वात मोठी लाल ओळ पूर्ण जोर लावून म्हणते. लगेच पुन्हा म्हणते. दुसऱ्या वेळी ती जवळजवळ नेहमीच आणखी वर जाते, आणि गेन त्या दुसऱ्या वेळेवर लावायचा: पीक -६. साध्या वाचनाकडे गेन लावताना बघायचंच नाही. ते आपोआप -१५ ते -१२ च्या मध्ये पडतं.

कुजबुजीसाठी नॉबला हात लावायचा नाही. ताई थोडी पुढे झुकते. आरोळीला मान किंचित बाजूला वळवते आणि पाठ खुर्चीला टेकवते. हात-दीड हात मागे जाऊन पाहिलं होतं, पीक छान खाली आलं, पण खोली घुमायला लागली.

१८ जानेवारी

भाच्याने ऑडॅसिटीतली लहर पाहून विचारलं, “मामा, ही एवढीशी बारीक का दिसते? दुसऱ्यांच्या व्हिडिओत तर पूर्ण पट्टा भरलेला असतो.” प्रश्न रास्त आहे. मलाही उत्तर आकड्यांत हवं होतं.

२४ बिटच्या मुद्रणात प्रत्येक बिट साधारण ६ डीबी देतो, म्हणजे कागदावर १४४ डीबीचा पल्ला. पीक -१२ वर ठेवलं तर वरचे दोन बिट वापरले जात नाहीत. उरलेल्या २२ बिटांचे १३२ डीबी होतात. घरच्या इंटरफेसमधली विद्युतमंडलं १२० डीबीपर्यंतसुद्धा क्वचित पोचतात, आणि आमच्या खोलीत वाचन व शांतता यांचा फरक ४१ डीबीचा. लहर पट्ट्याभर उंच केल्याने त्यात एका डीबीचीही भर पडत नाही. वरची मोकळी जागा मात्र फुकटात हातची जाते.

‘काटा लालच्या जवळ खेळवत ठेवा’ हा सल्ला टेपच्या काळात बरोबर होता. टेपच्या तळाशी सतत सूं असा आवाज असायचा, म्हणून मुद्रण जितकं वर तितकं चांगलं. आणि वर गेल्यावर टेप हळूहळू दबायची, एकदम कापायची नाही. शिवाय १९३९ मध्ये आलेला व्हीयू मीटर काटा स्थिरावायला ३०० मिलिसेकंद घेतो, म्हणजे क्षणिक शिखरं त्याला दिसतच नाहीत. त्याच्या शून्याच्या वर यंत्रात बरीच जागा शिल्लक ठेवलेली असायची. डिजिटल मीटरवरचं शून्य हे छत आहे. दोन शून्यांचं नाव एक, जागा वेगळ्या. १६ बिटच्या काळात थोडं वर मुद्रित करण्याला तरी काही कारण होतं, कारण तिथे एकूण पल्ला ९६ डीबीचा.

भाच्याला लहर बारीक दिसते तर पडद्यावर उभी ताणून दाखवता येते. मुद्रण तेच राहतं.

२१ जानेवारी

विचित्र दोष. पाचव्या प्रकरणात मीटर -४ च्या वर एकदाही गेला नाही, तरी दोन ठिकाणी आवाज फाटलेला. आधी वाटलं हेडफोनच फुटताहेत. लहर अगदी जवळून पाहिली तर शिखरं सपाट कापलेली होती, आणि सगळी एकाच उंचीवर, -४ पाशी.

छताच्या खाली सपाट शिखरं दिसली तर अर्थ एकच: कापणं आधी झालं आणि लहान करणं नंतर. साखळी अशी आहे: माईक, प्रीअ‍ॅम्प (इंटरफेसमधला, माईकचा आवाज मोठा करणारा भाग), कन्व्हर्टर (त्याचे आकडे करणारा), मग लॅपटॉपच्या सेटिंगमधला इनपुटचा स्लायडर, मग ऑडॅसिटी. तो स्लायडर मधल्या काळात पूर्णवरून खाली आला होता. पातळी कमी दिसली म्हणून त्या दिवशी इंटरफेसचा नॉब वर नेला गेला, आणि कन्व्हर्टर भरून वाहिला. पुढचा स्लायडर ते सगळं खाली ओढून सभ्य दाखवत होता. फाटलेला फोटो लहान करून छापला तरी फाटलेलाच राहतो.

दुरुस्ती: स्लायडर पूर्ण वर. माईक बूस्ट शून्य. ‘आवाज सुधारणा’ नावाच्या सगळ्या सोयी बंद. आपोआप गेन कमी-जास्त करणारी सोय बंद. ती चालू असेल तर वाक्यांमधल्या प्रत्येक विरामात खोलीचा आवाज वर येतो आणि पुढचा शब्द सुरू झाला की दबतो. ऑडॅसिटीतली मुद्रणाची पातळीही पूर्ण. गेन लावायची जागा एकच, इंटरफेसवरचा नॉब.

तपासायची सोपी रीत: माईकजवळ टाळी वाजवून इंटरफेसचा लाल दिवा मुद्दाम पेटवायचा. (हेडफोन काढून.) दिवा पेटला तेव्हा सॉफ्टवेअरचा मीटर शून्याला टेकलाच पाहिजे. तो -४ किंवा -१० वर थांबत असेल तर मध्ये कुणीतरी बसलं आहे. आता ही तपासणी प्रत्येक सत्राच्या आधी करतो. अर्धं मिनिटही लागत नाही.

फाइल ३२ बिट फ्लोट या स्वरूपात ठेवली की आवाज कधी कापलाच जात नाही, हा गैरसमजही याच निमित्ताने तपासून घेतला. ऑडॅसिटीचा प्रकल्प मुळातच ३२ बिट फ्लोट असतो, आणि त्या स्वरूपात शून्याच्या वरची लहरही टिकते, हे खरं आहे. पण आमचा इंटरफेस २४ बिटचा आहे. त्याच्या कन्व्हर्टरने जे कापलं ते फाइल कुठल्याही स्वरूपात ठेवली तरी परत येत नाही. २०१९ च्या झूम एफ६ सारख्या ज्या रेकॉर्डरवर खरोखर गेन न लावता चालतं, त्यांच्यात एका चॅनेलला दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्या. ती सोय फाइलच्या नावात नसते, यंत्रात असते.

२५ जानेवारी

सहाव्या आणि सातव्या प्रकरणात ताईचं वाचन आधीच्यापेक्षा ४ डीबीने खाली. नॉब जिथल्या तिथे, वीत तीच, माईक तोच. तिला विचारलं, “ताई, आज दमली आहेस का?” ती म्हणाली, “नाही रे, आज उलट छान स्पष्ट ऐकू येतंय मला.”

तेच कारण होतं. त्या दिवशी तिच्या हेडफोनचा आवाज वर होता. स्वतःचा आवाज कानात मोठा आला की माणूस नकळत हळू बोलतो. याची उलट बाजू जास्त प्रसिद्ध आहे: गोंगाटात आपण आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी त्यावर १९११ मध्ये लिहिलं, आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

म्हणजे हेडफोनच्या नॉबचा मुद्रणाशी विजेच्या दृष्टीने काही संबंध नाही, पण वाचणाऱ्याच्या गळ्यातून तो इनपुट लेव्हल बदलतो. आमच्या कामात तर दोन प्रकरणांचा स्वर यामुळे बदलला. नुसतं ४ डीबी वाढवून भागलं नाही, कारण हळू वाचनाचा पोतही वेगळा असतो. सहावं ठेवलं, कारण त्यातला प्रसंग रात्रीचा आहे आणि ते वाचन त्याला शोभतं. सातवं पुन्हा वाचायला घेतलं.

आता ताईच्या हेडफोनच्या नॉबलाही खूण आहे. एक कान उघडा ठेवून वाचणं तिला सर्वात सोयीचं पडतं. उघड्या बाजूचा हेडफोन गालाला दाबून धरायचा, नाहीतर त्यातून सुटलेला आवाज माईक उचलतो.

३ फेब्रुवारी

दिवसागणिक पातळी सारखी ठेवण्याबद्दल थोडक्यात.

खुर्चीच्या चारही पायांखाली जमिनीवर चिकटपट्टी. स्टँडच्या पायांखालीही. नॉबचा फोटो समोरून काढलेला, बाजूने नाही. बाजूने काढला तर खूण थोडी सरकलेली दिसते. आमच्या नॉबची फिरकी एकसारखी नाही, शेवटच्या टप्प्यात थोडं फिरवलं तरी पातळी एकदम उडी मारते. त्या टप्प्यात काम असेल तर फोटोवर विसंबू नये, दर वेळी लाल ओळीवरच लावावं.

ताई कागदावरून वाचते. पानाच्या तळाशी पोचली की मान खाली जाते आणि दीड-दोन डीबी पडतात. कागद डोळ्यांच्या उंचीवर टांगला, प्रश्न मिटला.

८ फेब्रुवारी

भाच्याचे संवाद. दोघांनी समोरासमोर बसून एकत्र वाचावं अशी ताईची इच्छा होती, त्यात जीव येतो म्हणून. त्यासाठी भाच्याला एसएम५८ दिला.

एक वीत अंतर ठेवून एसएम५८ ची पातळी आणायची तर नॉब जवळजवळ शेवटपर्यंत न्यावा लागला, आणि तिथे इंटरफेसचा स्वतःचा सूं आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. माहितीपत्रकं पाहिली तर हे होणारच होतं. १ पास्कल दाबाला एसएम५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. आमच्या जातीचे कंडेन्सर माईक २० ते २५ देतात. म्हणजे २० डीबीहून जास्त तूट, आणि ती सगळी प्रीअ‍ॅम्पने भरून काढायची.

नॉबने भरण्याऐवजी पुन्हा अंतरानेच भरली. भाचा पाच सेंटीमीटरवर आला. विताच्या जवळपास चौथा भाग, म्हणजे १२ डीबी हाती लागले. नॉब बराच खाली आला आणि सूं गेला. एसएम५८ गाणाऱ्याच्या ओठांपाशी धरण्यासाठीच बनलेला आहे, त्याला ही जागा मानवते. खालचे स्वर फुगले ते इक्वलायझरमध्ये थोडे कमी करता येतात.

इथपर्यंत सगळं जमलं होतं, पण ताईचा आवाज भाच्याच्या माईकमध्ये आणि भाच्याचा ताईच्या माईकमध्ये उतरत होता. भाच्याचा एक शब्द अडखळला की ताईचं वाक्यही कापावं लागे. शिवाय दोन माईकचा पोत इतका वेगळा की दोघं एका अंगणात उभी आहेत असं वाटेना. शेवटी दोघांना एकाच कंडेन्सरवर, एकाच खुर्चीत, पाळीपाळीने वाचायला बसवलं. भाचा वाचतो तेव्हा ताई माईकच्या पाठीमागे बसून तिची वाक्यं नुसते ओठ हलवून म्हणते, त्यामुळे त्याला प्रतिसाद मिळतो. भाच्याची लाल ओळ वेगळी आणि गेनही वेगळा. त्याचा आवाज चढा आहे, नॉब ताईपेक्षा ५ डीबी खाली बसतो.

माईक बदलताना क्रम पाळला: गेन शून्यावर, हेडफोन खाली, मग फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधून मिळणारी वीज) बंद किंवा चालू, आणि कंडेन्सरला स्थिरावायला थोडा वेळ. नाहीतर कानात दणका बसतो.

१९ फेब्रुवारी

मुद्रण संपलं. आता सगळी प्रकरणं शेवटच्या पातळीवर आणणं सुरू आहे.

नेहमीच्या प्रकरणाची कच्ची आरएमएस -२९ च्या जवळपास, पीक -६. सगळ्याला ८ डीबीची वाढ दिली. सरासरी -२१ वर आली, खोलीही तेवढीच वर येऊन -६३ वर. अटीला तीन डीबी शिल्लक. वर गेलेली शिखरं लिमिटरने, म्हणजे ठरवलेल्या पातळीवर आवाज दाबणाऱ्या सोयीने, -३.५ वर रोखली. एरवी लिमिटरला फारसं काम पडलं नाही. तो मुख्यतः लाल ओळींवर चालला, आणि तिथे थोडा दाब ऐकायला उलट चांगला वाटतो. प्रकरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी जी रिकामी जागा सोडायची तिथे पूर्ण शून्य न टाकता त्याच दिवशीची मुद्रित शांतता लावली. शून्य लावलं की श्रोत्याला फाइल तुटल्यासारखी वाटते.

एकच प्रकरण अडलं, अकरावं. वाढीनंतर खोली -५७ वर. कच्ची शांतता ऐकली तर फ्रिज चालूच. त्या दिवशी किल्ली फ्रिजमध्ये गेलीच नव्हती. ‘नॉइज रिडक्शन’ने ६ डीबी कमी करून आकडा सहज बसला, पण ‘स’ आणि ‘श’ ओलसर झाले आणि वाक्याच्या शेवटचे हलके स्वर कुरतडल्यासारखे ऐकू आले. प्रमाण अर्धं करून पाहिलं. मग आकडाच बसेना.

ताईने स्वतः दोन्ही आवृत्त्या ऐकल्या आणि म्हणाली, “वाचते पुन्हा.” चिकटपट्टीच्या खुणांवर खुर्ची, लाल ओळीवर गेन, फ्रिज बंद. नवं अकरावं दहाव्यापेक्षा ०.७ डीबीने वर निघालं. तेवढं खाली घेतलं, मापं पुन्हा तपासली आणि फाइल बाकीच्यांसोबत पाठवली.